रंगूनहून आलेला फोन

कतारमधून बोलतोय. राहायला अल खोरला, कामाला रास लफानला. पहाटे शिफ्टची बस पकडायची, बारा तास प्लँटवर आणि परत. मी इन्स्ट्रुमेंटवाला माणूस, गाण्यातला जाणकार नव्हे. तरी आपल्या कार्यक्रमाच्या ताईंनी ह्या भागात मला बोलायला लावलंय, त्याला कारण माझी धाकटी मुलगी आणि माझी आई. त्या दोघींनी मिळून हा विषय काढला.

झालं असं. मुलगी बारा वर्षांची. गेले काही आठवडे घरभर एकच इंग्रजी गाणं म्हणत उड्या मारत होती. हातात छत्रीची काठी, डोक्यावर माझी जुनी टोपी. विचारलं तर म्हणाली, "बाबा, हे बेडकाचं गाणं आहे." एक बेडूक टॉप हॅट घालून नाचतो, त्याचं कार्टून. शुक्रवारी चिपळूणला व्हिडिओ कॉल लावला तेव्हाही हिचं चालूच. आईनं विचारलं, "काय गं म्हणतेस?" ही म्हणाली, "आजी, टेलिफोनचं गाणं." आई म्हणाली, "हात्तिच्या, टेलिफोनचं गाणं मला नाही का येत?" आणि एकोणऐंशी वर्षांच्या माझ्या आईनं मोबाइल तोंडासमोर धरून "मेरे पिया गये रंगून" सुरू केलं. अर्ध्यात दम लागला म्हणून थांबली. पण दोघी हसत सुटल्या, आणि मी मात्र गप्प बसलो. का, ते पुढे सांगतो.

तर दोन गाणी. दोन्ही विनोदी, दोन्ही फोनवरची. मधे पन्नास वर्षं आणि अर्धी पृथ्वी. मी म्हटलं बघू तरी, ह्यांचं एकमेकांशी काही नातं लागतं का. लागतं. जरा लांबच्या वाटेनं लागतं.

आधी मुलीचं गाणं. त्याचं नाव "हॅलो! मा बेबी". साल 1899. लिहिणारे जोसेफ हॉवर्ड आणि आयडा इमर्सन, नवरा-बायको, दोघंही रंगमंचावर नाचगाणं करणारे. अमेरिकेत तेव्हा व्होडव्हिल नावाचा प्रकार जोरात होता. एका तिकिटात जादूगार, गाणी, नकला, कसरती, सगळं. तिथे एखादं विनोदी गाणं गाजलं की त्याचे छापील कागद विकायचे, म्हणजे सुरावट आणि शब्द. लोक ते घरी नेऊन पियानोवर वाजवायचे. गाणं किती गाजलं हे तेव्हा कागद किती खपले ह्यावरून ठरे. त्याच वर्षी आर्थर कॉलिन्स नावाच्या गायकानं हे गाणं एडिसनच्या मेणाच्या सिलिंडरवरही गायलं.

गाण्यातली गोष्ट साधी. एका माणसाचं एका मुलीवर प्रेम आहे. त्यानं तिला कधीही पाहिलेलं नाही. ओळख फोनवर, बोलणं फोनवर, प्रेमही फोनवरच. तो टेलिफोन एक्स्चेंजला विनवतो की मला माझी माणसं जोडून द्या. आणि त्याला एकच धास्ती: फोन बंद पडला किंवा मधेच दुसऱ्या कुणी तिच्याशी सूत जुळवलं तर माझं काय?

आज ऐकताना ह्यात विशेष काय, असं वाटेल. आता लग्नंसुद्धा अशी जमतात. पण बेलनं फोनचं पेटंट घेतलं 1876 साली. म्हणजे गाणं आलं तेव्हा फोन जेमतेम तेवीस वर्षांचा. तेव्हाचा फोन म्हणजे नंबर फिरवायचा नाही. रिसीव्हर उचलला की मधे एक्स्चेंजवरची बाई. सुरुवातीला तिथे पोरं बसवली होती. ती गिऱ्हाइकांशी उद्धटपणे बोलायची, म्हणून बायका आणल्या. एमा नट नावाची पहिली बाई 1878 साली बॉस्टनला ह्या कामावर लागली. अमेरिकन लोक एक्स्चेंजलाच "सेंट्रल" म्हणून हाक मारायचे. म्हणजे प्रेमाचं बोलायचं ते मधे एक तिसरी बाई असताना. ह्या अवघडलेपणात विनोदाची खाण होती, आणि गाणं लिहिणाऱ्यांना ती लगेच सापडली.

तुमच्यापैकी ज्यांनी ट्रंक कॉल बुक केलेत त्यांना हे समजावून सांगायला नको. नंबर सांगायचा, ऑर्डिनरी की अर्जंट ते सांगायचं आणि बसायचं वाट बघत. लागला की ओरडून बोलायचं, कारण अंतर जास्त म्हणून आवाजही जास्त लागतो अशी आपली समजूत. आणि तीन मिनिटं झाली की मधूनच ऑपरेटरचा आवाज. आमच्या आळीत एकाच घरी फोन होता. तिथे कोण काय बोललं हे संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला ठाऊक व्हायचं.

आता ह्या अमेरिकन गाण्याची दुसरी बाजू. मुलीला सांगताना ही बाजू मला टाळता आली नाही, तुम्हालाही सांगतो. गाण्याच्या नावात "माय" नसून "मा" आहे. ती छापखान्याची चूक नव्हे. काळे लोक असं बोलतात, असं दाखवण्यासाठी मुद्दाम तसं लिहिलंय. हा त्या काळचा एक गाण्यांचाच प्रकार होता: काळ्या माणसांची टर उडवणारी गाणी. त्या प्रकाराला जे नाव होतं ते एक शिवीच आहे, मी इथे उच्चारणार नाही. गोरे नट जळकं बूच तोंडाला फासून काळे व्हायचे आणि रंगमंचावर काळ्यांची नक्कल करायचे. गाण्याच्या कागदावरची चित्रंही तशीच. म्हणजे गंमत फोनची होतीच, पण तिच्या आड दुसरी एक गंमत होती: बघा, हे लोकसुद्धा आता फोनवर प्रेम करायला लागले!

आणि त्यात खरा अन्याय काय तर गाण्याची चाल. ती ठेक्याची चाल, ज्याला रॅगटाइम म्हणतात, ती काळ्या वादकांचीच. त्याच 1899 साली स्कॉट जॉप्लिन ह्या काळ्या संगीतकाराची "मेपल लीफ रॅग" छापून आली. ती आजही जगभर वाजते. म्हणजे ठेका त्यांचा घ्यायचा, आणि हसायचंही त्यांनाच.

पुढे शब्द जरा धुऊन-पुसून घेतले गेले आणि गाणं टिकलं. चार्ल्स आइव्ह्ज नावाच्या मोठ्या अमेरिकन संगीतकारानं 1906 च्या सुमारास त्याचा तुकडा आपल्या एका रचनेत गुंफला. आणि 1955 साली चक जोन्स ह्यांच्या "वन फ्रॉगी ईव्हनिंग" ह्या कार्टूनमध्ये ते बेडकाच्या तोंडी गेलं. सात मिनिटांचं कार्टून. एका मजुराला पाडकामात एक पेटी सापडते, पेटीत बेडूक. बेडूक उठून झोकात गातो, नाचतो. मजूर म्हणतो, आपलं नशीब फळफळलं! तो बेडकाला घेऊन नाटकवाल्याकडे जातो. पण दुसऱ्या कुणासमोर आणला की बेडूक मख्ख. डराव, एवढंच. मजूर एकटा असला की परत गाणं.

मुलगी हे बघून लोळून हसते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आठवला माझा थोरला मुलगा.

तो जन्मला 1999 साली, आणि मी इथे आलो होतो 1998 ला. त्याला पहिल्यांदा पाहिला तो सात महिन्यांचा झाल्यावर. नंतर तो बोलायला लागला. बायको सांगायची, दिवसभर बाबा, बाबा, बाबांना फोन लाव, फोन लाव. फोन लावला आणि त्याच्या कानाला रिसीव्हर धरला की पोरगं गप्प. नुसता श्वास ऐकू यायचा. मी इकडून "बाळा, बोल ना, बोल ना," आणि घड्याळाकडे बघत, कारण कार्डातले रियाल संपत आलेले. रिसीव्हर बायकोनं परत घेतला की मागून त्याचा आवाज: "बाबा!" परत त्याच्या कानाला धरला की डराव. तुमच्यापैकी कित्येकांनी हा बेडूक पाळलेला असेल, ह्याची मला खात्री आहे.

पोरांचा आणि फोनचा हा विषय अमेरिकन गाणेवाल्यांनीही सोडला नाही, पण तिथे विनोद संपला. 1901 साली चार्ल्स हॅरिस ह्यांचं एक गाणं आलं, त्यात एक मूल एक्स्चेंजला सांगतं की मला स्वर्गाचा नंबर जोडून द्या, तिथे माझी आई आहे. आणि पहिल्या महायुद्धात, 1918 साली, अल जॉलसननं गायलं ते गाणं: त्यात मूल बापाला रणभूमीवर फोन लावायला बघतंय. लोक ढसाढसा रडायचे म्हणे. मला ती दोन्ही गाणी फार गोडगिट्ट वाटतात, पण ती का चालली ते कळतं. फोन आला आणि माणसाला पहिल्यांदा वाटलं की गेलेल्याचा आवाज परत ऐकता येईल.

आता आपल्या आईच्या गाण्याकडे येऊ. मधला प्रवास थोडक्यात सांगतो, कारण तो मला स्वतःला फार आवडला.

मुंबईचं ताजमहाल हॉटेल. 1935 साली तिथे लिऑन ॲबी नावाचा काळा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जॅझ बँड घेऊन आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवाला, टेडी वेदरफर्ड हा पियानोवाला. हा वेदरफर्ड पुढे हिंदुस्थानातच राहिला आणि 1945 साली कलकत्त्यात कॉलऱ्यानं गेला. ह्या लोकांच्या बँडमध्ये आणि त्यांच्या आसपास आपली गोव्याची पोरं वाजवायला लागली. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली, हात तयार, पण जॅझचा तो झोका त्यांना शिकवला ह्या काळ्या उस्तादांनी. त्यातलाच एक आंतोनियो झेवियर वाझ. सगळी मुंबई त्याला चिक चॉकलेट म्हणायची. रात्री हॉटेलात वाजवायचं आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचं, असं ह्या मंडळींचं आयुष्य. आणि रेकॉर्डिंगला त्यांना हौसेनं बोलावणारे जे संगीतकार होते त्यांत पहिलं नाव आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचं. म्हणजे सी. रामचंद्र. अण्णा.

तेव्हा नातं हे असं आहे, मंडळी. ज्या माणसांची अमेरिकेतल्या रंगमंचावर टर उडवली, त्यांच्याच पुढच्या पिढीनं मुंबईत येऊन आपल्या लोकांना ताल दिला. आणि तो ताल आपल्या विनोदी गाण्यात उतरला.

अण्णा जन्मले 1918 साली. शिकले पुण्याला गांधर्व महाविद्यालयात, विनायकबुवा पटवर्धनांकडे. म्हणजे पाया पक्का रागदारीचा. पण कान चौफेर. 1947 च्या "शहनाई"त त्यांनी "आना मेरी जान संडे के संडे" दिलं आणि जुन्या रसिकांनी कपाळाला हात लावला. हेच अण्णा पुढे "अनारकली"ची गाणी देणार होते, "ऐ मेरे वतन के लोगो" देणार होते. माणूस एका हातानं लोकांना रडवी, दुसऱ्या हातानं हसवी. संगीत देताना नाव सी. रामचंद्र, गाताना नाव चितळकर. आमच्या आईचा अजून विश्वास नाही की हे दोन एकच.

"पतंगा" आला 1949 साली. दिग्दर्शक एच. एस. रवैल, गीतं राजेंद्र कृष्ण ह्यांची. हे गाणं सिनेमात रंगमंचावरचा एक कार्यक्रम म्हणून येतं. निगार सुलताना ही नटी आणि गोप हा गोलमटोल विनोदी नट. आवाज शमशाद बेगमचा आणि दुसरा खुद्द चितळकरांचा. नवरा रंगूनला, बायको देहरादूनला, आणि दोघांचं फोनवर बोलणं. बस, एवढंच गाणं.

पण काय बोलतात ते नीट ऐका. आपण गाणं गुणगुणतो, शब्दांकडे लक्ष नसतं. नवरा सांगतो की देश सोडून इथे आलो ही घोडचूक झाली, आणि त्याहून मोठी चूक म्हणजे तुला बरोबर आणलं नाही. बायको सांगते की माझी तहानभूक हरपली, थंडीच्या महिन्यांतही मला उन्हाळा भाजतोय. नवरा म्हणतो, मी तर आता संन्यासी झालोय, शिळंपाकं मिळेल ते खातो, पँट विसरलो, लुंगीवर दिवस काढतोय. सगळं गमतीत. यमकं अशी की रंगून, देहरादून आणि पतलून एका माळेत. चाल अशी की पाय आपोआप हलतो. आणि आत मजकूर असा, की एखाद्यानं सरळ सुरात पत्रात लिहिला तर वाचवणार नाही.

आता 1949 साली "रंगून" हा शब्द थिएटरमध्ये ऐकणाऱ्या माणसाला काय काय आठवत असेल? आपल्याला ब्रह्मदेश म्हटलं की टिळक आठवतात, 1908 ते 1914 मंडालेचा तुरुंग आणि गीतारहस्य. कोकणातल्या माणसाला थिबा राजा आठवतो, कारण इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा आणून ठेवला तो आमच्या रत्नागिरीत, आणि तो तिथेच वारला. पण कामधंद्याला बाहेर पडणाऱ्या हिंदी माणसाला रंगून म्हणजे तेव्हाचं आखात होतं, असं म्हटलं तर चुकणार नाही. 1931 च्या शिरगणतीत रंगून शहरात अर्ध्याहून जास्त वस्ती हिंदी लोकांची होती. गोदीत हमाल आपले, रिक्षा ओढणारे आपले, कारकून आपले, सावकार आपले. आणि मग डिसेंबर 1941 मध्ये जपानचे बाँब पडले, मार्च 1942 मध्ये रंगून पडलं, आणि चार-पाच लाख माणसं मिळेल त्या वाटेनं हिंदुस्थानाकडे निघाली. बोटीत जागा मिळाली ते नशीबवान. बाकीचे आराकानच्या आणि आसामच्या डोंगरांतून पायी. किती वाटेत राहिले त्याचा नीट हिशोब नाही.

ह्या गोष्टीला सात वर्षं झाली होती फक्त. आणि फाळणीला दोन. गाणं लिहिणारे राजेंद्र कृष्ण ह्यांचं जन्मगाव जलालपूर जट्टां, सरहद्दीच्या पलीकडे गेलेलं. शमशाद बेगम लाहोर रेडिओवर गाऊन मोठी झालेली. गोप सिंधचा. घर लांब पडलं म्हणजे काय, हे ह्या माणसांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी ते गाणं रडकं केलं नाही, ह्याचं मला फार कौतुक वाटतं. अमेरिकन गाण्यात हसू दुसऱ्यावर होतं. इथे नवरा स्वतःच्या लुंगीवर हसतोय.

आता मी त्या शुक्रवारी गप्प का बसलो ते सांगतो.

1998 साली इथे बांधकाम जोरात चालू होतं. मी एका कंत्राटदाराकडून आलो होतो. आखातात आमच्यासारख्यांना एक शब्द आहे, तुम्हाला माहीत असेलच: बॅचलर. बायको-पोरं असलेला, मुलीच्या लग्नाचं कर्ज फेडत असलेला पन्नाशीचा माणूससुद्धा इथे बॅचलर, कारण कुटुंब बरोबर नाही. राजेंद्र कृष्ण ह्यांनी त्याला संन्यासी म्हटलं, इथल्या कागदांनी बॅचलर म्हटलं. माझ्या मते संन्यासी बरं.

एका खोलीत सहाजण, दुमजली खाटा. आईला मी पत्रात लिहिलं की दुसऱ्या ट्रेनचं काम चालू आहे, तर तिला वाटलं मी रेल्वेत आहे. गॅस गार करून त्याचं पाणी करणाऱ्या एका पूर्ण कारखान्याला इथे ट्रेन म्हणतात. उणे 162 अंशांना गॅस द्रवरूप होतो आणि सहाशे पट आकसतो, म्हणून जहाजात भरता येतो. 2004 पासून तो इथून आपल्या गुजरातेत दहेजलाही जातो. आमचं फोनवरचं बोलणं तसंच होतं. आठवडाभराचं बोलणं आकसून कार्डाच्या मिनिटांत बसवायचं. गुरुवारी रात्री कॅम्पबाहेरच्या फोनपाशी रांग. इथे नऊ वाजले म्हणजे चिपळूणला साडेअकरा. बायको शेजारच्या काकूंच्या ओटीवर पेंगत बसलेली. मागे दहा माणसं उभी, तिकडे काकू कान देऊन बसलेल्या. अशात काय बोलणार? "कसं काय?" "बरं आहे." "नाना?" "बरे आहेत." "पैसे मिळाले?" "मिळाले. तुमचं?" "मजेत." आणि तेव्हा माझा दोन महिन्यांचा पगार अडकलेला होता. दोघंही खोटं बोलत होतो, आणि दोघांनाही वाटत होतं की आपणच एकटे खोटं बोलतोय.

आमच्या खोलीत संगमनेरचा एक वेल्डर होता, गळा चांगला. 2001 सालच्या पावसाळ्यातली गोष्ट, म्हणजे तिकडे पावसाळा, इथे चव्वेचाळीस अंश. एका रात्री वीज गेली, एसी बंद, कुणाला झोप नाही. त्यानं हेच गाणं धरलं. रंगूनच्या जागी रास लफान घातलं, देहरादूनच्या जागी ज्याचं त्याचं गाव घालत गेला. यमक कुठेच जुळेना, म्हणून अजूनच हसू. एका केरळी माणसानं डबा वाजवायला घेतला. लुंगीचं कडवं आलं तेव्हा सहाच्या सहाजण खरंच लुंगीवर बसलेले होतो. हसून हसून पोटात दुखायला लागलं. मग बायकोचं कडवं आलं, ते त्यानं बारीक आवाजात म्हटलं, आणि खोलीत कुणी हसलं नाही. वरच्या खाटेवरून कुणीतरी म्हणालं, "ही बाई खरं बोलते रे."

पुढच्या गुरुवारी मी फोन लावला. बायकोनं नेहमीसारखं "कसे आहात?" विचारलं. मी म्हटलं, "संन्यासी झालोय. लुंगीवर आहे. शिळी चपाती खातोय." एक क्षण काहीच आवाज नाही. मग ती हसली. कितीतरी महिन्यांनी मी तिचं हसणं ऐकलं. गाणं तिलाही पाठ, तिनं तिच्या कडव्यातलं उत्तर दिलं, काकूंच्या ओटीवर बसून! मग हसता हसता तिचा आवाज बदलला. म्हणाली, "अहो, एक सांगायचं होतं. रागावू नका. नाना दहा दिवस झाले हॉस्पिटलात आहेत. तुम्हाला कळवू नको म्हणाले होते."

मी मागच्या माणसाकडून कार्ड मागून घेतलं. त्यानं न विचारता दिलं. त्या दिवशी मीही पगाराचं सांगितलं. नानांशी बोलायला मिळालं, आठ दिवसांनी, दवाखान्याच्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून. ते बरे होऊन घरी आले आणि पुढे चार वर्षं जगले. कदाचित मी न कळताही ते बरे झालेच असते. पण त्यानंतर आमच्या घरात फोनवर "बरं आहे" हा शब्द एकट्यानं चालत नाही. "बरं आहे, की रंगून?" असं विचारायचं. रंगून म्हटलं की समजायचं, काहीतरी आहे. नोकरी बदलून कुटुंबाला इथे आणायला मला आणखी सहा वर्षं लागली. तोवर किती रंगून झाले ते मोजले नाहीत.

मुलीला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटायचं "रंगून" हा आपल्या घरचाच एक शब्द आहे, मालवणीतला वगैरे असेल. आजीनं गाणं म्हटल्यावर तिला कळलं की ते खरं गाव आहे.

तिच्या बेडकाच्या गाण्याचं काय करायचं ह्यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. ती म्हणाली, "म्हणजे मी आता ते म्हणायचं नाही?" मी म्हटलं, म्हण, बेडकाचं म्हण, पण ते कुणाला हसायला लिहिलं होतं तेवढं ठाऊक असू दे. आपल्या बोलण्याच्या हेलाच्या, आपल्या डब्याच्या वासाच्या नकला इथे आम्हीही ऐकल्यात, आणि खरं सांगायचं तर आमच्या खोलीत त्या केरळी माणसाच्या हिंदीची नक्कल आम्हीही केलीय. तो हसायचा. खरंच हसायचा की नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही. म्हणून ताईंना मी सांगितलं की 1899 ची ती जुनी रेकॉर्ड आज लावू नका. हवी त्यानं शोधून ऐकावी.

आणि हो, तुमच्यापैकी कुणी त्या काळात रंगूनला होतं, आजोबा-पणजोबा कुणी तिकडून चालत आले होते, तर कार्यक्रमाला जरूर कळवा. ट्रंक कॉलच्या गमतीही कळवा. प्लँटच्या आत आम्हाला मोबाइल न्यायला बंदी आहे, ठिणगीची भीती. तो गेटवर कपाटात ठेवून जावं लागतं. त्यामुळे उत्तर द्यायला मला बारा तास उशीर होईल, तेवढं सांभाळून घ्या.

आता गाणं. "पतंगा", 1949, शमशाद बेगम आणि चितळकर. आज इथे संध्याकाळचे पाच वाजतायत, म्हणजे चिपळूणला साडेसात. आईला सांगून ठेवलंय, ती फोन कानाला लावून बसली असेल. लावा.